केबिनमधून खाली बघताना

एसटीच्या ड्रायव्हरची सीट उंच. शेजारून पुढे जाणाऱ्या कारमध्ये काय चाललंय ते वरून सरळ दिसतं: मांडीवर उजळलेला मोबाइल, एका अंगठ्यानं चाललेलं टायपिंग, कधी डॅशबोर्डवर लावलेली क्रिकेटची मॅच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर असं काहीच दिसलं नाही, असा दिवस आठवत नाही.

गेल्या पावसाळ्यात बोरघाट उतरताना पुढची कार डावीकडे-उजवीकडे सरकत होती. प्यायलाय, असं वाटून मी अंतर वाढवलं, डिपर मारला. तेवढ्यात ती डावीकडच्या ट्रेलरला घासून आडवी झाली. बस थांबली, पण पुढच्या सीटवरच्या मावशींचं कपाळ दांडीवर आपटलं. कारवाला शुद्धीत होता. गाडी भाड्याची. पुढचं बुकिंग स्क्रीनवर आलेलं, लगेच घेतलं नसतं तर दुसऱ्याला गेलं असतं. त्याला शिव्या घालणं सोपं आहे. त्याचा हप्ता त्याच स्क्रीनवर फिटतो.

२०२२ मध्ये देशात साडेचार लाखांहून जास्त अपघात नोंदले गेले, त्यात मोबाइलच्या खात्यावर दोन टक्केही नाहीत. ‘मी मेसेज वाचत होतो’ असं पोलिसांपुढे कोण कबूल करणार? ताशी ८० च्या वेगात पाच सेकंद नजर खाली गेली, तर गाडी ११० मीटर जाते. दहा एसट्या एकामागे एक लावा, तेवढं.

कानात ब्लूटूथ घातला की सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. शेजारी बसलेला माणूस वळण आलं की आपोआप गप्प होतो. फोनवरच्याला वळण दिसत नाही. तो ‘ऐकतोयस ना?’ म्हणतच राहतो.

नकाशा लावायचा तो गाडी हलण्याआधी. बाकी सगळे आवाज बंद. बोलणं भागच असेल तर फूड मॉल किंवा पेट्रोल पंप गाठा. द्रुतगती मार्गाच्या कडेला थांबू नका, मागचा ट्रकवाला कदाचित स्वतःच मोबाइलमध्ये असेल. आणि घरच्यांनी ‘कुठवर आलास?’ हा फोन आधी बंद करावा. ड्युटीवर माझा मोबाइल कंडक्टरकडे असतो. तातडीचं असेल तर तो उचलेल, असं घरी सांगून ठेवलंय. आजवर आलेली तातडी बहुतेक वेळा कोथिंबिरीची होती.