उन्हाळ्याचा अंदाज आणि राबातले बियाणे



होळी झाली की दमणगंगेच्या काठची हवा पालटू लागते. सागाची पाने झडतात, ओहोळ आटतात आणि शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो. ह्याच सुमारास हवामान खात्याचे उन्हाळ्याविषयीचे व पुढील पावसाळ्याविषयीचे अंदाज वृत्तपत्रांत येऊ लागतात. ते आपण वाचतो, कधी हसून सोडून देतो, तर कधी त्यांवर नको तेवढा विश्वास टाकतो. अशा अंदाजाचा खरा अर्थ काय व त्याचा उपयोग कसा करावा, ह्याचा विचार ह्या पाठात करू. हा विषय केवळ भूगोलाच्या उत्तरपत्रिकेचा नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरचा वर्षाचा भात ह्या प्रश्नाशी बांधलेला आहे.

१. आपला मुलूख

दादरा व नगर हवेलीचे क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेस सिल्वासा, नरोली, दादरा हा बहुतांशी सखल भाग, तर पूर्वेस खानवेलच्या पलीकडे सह्याद्रीकडे चढत जाणारा डोंगराळ भाग. समुद्र दमणला, म्हणजे फार दूर नाही. पण अगदी पायाशीही नाही. आपल्या उन्हाळ्याचा स्वभाव ह्याच अंतरातून घडतो.

२. एप्रिलचे ऊन आणि मेचा उकाडा

पुष्कळांची अशी समजूत असते की, जसजसा उन्हाळा पुढे जातो तसतसा पारा चढतच जातो. समुद्राजवळच्या प्रदेशात तसे घडतेच असे नाही. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. म्हणून दुपारी समुद्राकडून गार वारा जमिनीकडे वाहू लागतो. मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी पूर्वेकडून कोरडा वारा जोराने येतो व ह्या समुद्रवाऱ्यास अडवून धरतो. त्या दिवशी ऊन भाजून काढते. मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावरील उच्चांक ४२.२ अंश सेल्सिअसचा असून तो १४ एप्रिल १९५२ ह्या दिवशीचा आहे, मे महिन्यातला नव्हे.

मे महिन्यात पश्चिमेचे वारे स्थिरावतात व हवेत बाष्प वाढते. पारा थोडा खाली असला तरी घाम वाळत नाही आणि जीव कासावीस होतो. घाम वाळला तरच शरीर निवते. म्हणून केवळ आकडा पाहून 'आज ऊन कमी आहे' असे म्हणणे धोक्याचे असते.

उष्णतेची लाट कशास म्हणावे ह्याचे ठरावीक माप आहे. मैदानी केंद्रावर कमाल तापमान निदान ४० अंश, किनाऱ्यावर निदान ३७ अंश झाले पाहिजे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीहून ४.५ अंशांनी किंवा अधिक चढलेले असले पाहिजे. मैदानात पारा ४५ अंशांवर गेला, तर सरासरी न पाहताही ती लाटच समजतात.

३. अंदाज कसा निघतो

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड ह्यांनी हिमालयावरील बर्फ व आपला पाऊस ह्यांचा संबंध जोडून १८८६ पासून पावसाळ्याचे नियमित अंदाज देण्यास आरंभ केला. पुढे गिल्बर्ट वॉकर ह्यांनी दाखविले की, आपल्या पावसाचे धागेदोरे दूरच्या पॅसिफिक महासागरावरील हवेच्या दाबापर्यंत पोचतात. १९२८ साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. ती इमारत पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणून ओळखतात.

आज एप्रिलच्या मध्यास पावसाळ्याचा पहिला अंदाज येतो व मेअखेर तो सुधारला जातो. जून ते सप्टेंबर ह्या काळातील देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरलेली आहे. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे 'सर्वसाधारण'. हा आकडा साऱ्या देशाचा व साऱ्या चार महिन्यांचा असतो, हे विसरू नये. आपल्या शेतावर अमुक आठवड्यात किती पडेल, हे त्यात लिहिलेले नसते.

४. दोन वर्षांचे उदाहरण

मुंबईत मान्सून साधारणतः ११ जूनला पोचतो. आपल्याकडे त्यानंतर काही दिवसांनी. पण २०२३ साली तो मुंबईस २५ जून रोजी आला, तर २०२५ साली २६ मे रोजीच! एकाच शहरी दोन वर्षांत महिन्याचे अंतर पडले. 'साधारण तारीख' ही अनेक वर्षांची सरासरी असते, पावसाने दिलेले वचन नव्हे.

२०२५ चे वर्ष तर विशेष अभ्यासण्यासारखे आहे. एप्रिल ते जून ह्या काळात देशाच्या बहुतेक भागांत सरासरीहून अधिक उष्णता राहील, असा दीर्घ अंदाज होता. प्रत्यक्षात मे महिन्यात देशभर १९०१ नंतरचा त्या महिन्यातील सर्वाधिक पाऊस पडला. मान्सून लवकर आला आणि मेअखेर जागीच थबकला. पेरणीची घाई करू नये, असे महाराष्ट्राच्या कृषी विभागास शेतकऱ्यांना सांगावे लागले. गुजरातेत मान्सूनने पाऊल टाकले ते १६ जूनला. मोसमाचा एकूण पाऊस मात्र १०८ टक्के झाला. दीर्घ अंदाज १०५ ते १०६ टक्क्यांचा होता. म्हणजे तो बराचसा खरा ठरला. परंतु पेरणीची तारीख सांगणे हे त्याचे कामच नव्हते.

५. राबाचा हिशेब

भातशेतीत पाने, काट्याकुट्या व शेण पसरून राब भाजतात आणि त्या जागी रोपासाठी बी टाकतात. समजा, मेअखेर वळवाचा २५ मिलिमीटर पाऊस पडला. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठाभर राबावर अडीच हजार लिटरांहून अधिक पाणी पडले. केवढे हे पाणी, असे वाटते! पण त्या उन्हात दररोज ५ मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरले, तर पाच दिवसांत ते संपते. शिवाय वाहून जाते ते वेगळेच. बी रुजते, कोंब वर येतो आणि पुढे दहा-बारा दिवस कोरडे गेले की करपून जातो. गेले ते बियाणे कणगीतले, म्हणजे घरच्या तोंडचेच असते. पुन्हा विकत घ्यायचे, तर उसनवारी आली.

६. आपण काय करावे

दीर्घ अंदाजावरून वर्षाची तयारी करावी: विहिरीचे पाणी जपावे, कोणते बी किती ठेवायचे ते ठरवावे. पेरणीचा दिवस मात्र चार-पाच दिवसांच्या अंदाजावरून ठरवावा. 'मेघदूत' ह्या मोबाइलवरील सेवेत आपल्या भागाचा शेतीसल्ला मिळतो व 'दामिनी' विजेची सूचना देते. घरी वाचता येणारे तुम्हीच असाल, तर तो सल्ला आजोबांना नीट वाचून दाखविणे हे तुमचे काम आहे. त्यांची मृग-रोहिणीची गणना टाकाऊ समजू नका. तीही पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली सरासरीच आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहावे.

वळवाचे ढग गडगडू लागले की झाडाखाली उभे राहू नये. भर दुपारी शेतात वा रस्त्यावर राबणाऱ्यांस पाणी व सावली मिळेल असे पाहावे.

शेवटी एक काम. सरळ कडांची बरणी अंगणात मोकळ्या जागी ठेवा, रोज सकाळी पट्टीने पाणी मोजा, वहीत तारीख घालून लिहा व बरणी रिती करा. राबात बी केव्हा टाकले, कोंब केव्हा दिसले, हेही लिहा. वर्षभर वही नेमाने ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नोंदी आम्ही पुढील अंकात छापू. देशाचा आकडा वृत्तपत्रात मिळतो. आपल्या अंगणाचा आकडा आपणच लिहावा लागतो.