नौकेच्या तळाचे पाणी

आमचे श्रीरामपूर समुद्रापासून दूर. येथील विद्यार्थ्यांस ओळख आहे ती पाटाच्या, विहिरीच्या आणि फार झाले तर गोदावरी-प्रवरेच्या पुराच्या पाण्याची. म्हणून गेल्या हिवाळ्यात नववीच्या वर्गाची सहल अलिबागेस नेण्याचे आम्ही योजिले. ओहोटी लागल्यावर मुलांनी पायी जाऊन कुलाबा किल्ला पाहिला, कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराच्या गोष्टी ऐकल्या, आणि परत येताना सर्व मंडळी वाळूवर कललेल्या एका लहानशा शिडाच्या होडीभोवती जमली. इतक्यात एक मुलगा खाली वाकून ओरडला, "गुरुजी, हिच्या बुडाला भोक आहे!"

भोक खरेच होते. मागच्या बाजूस, तळाला लागून, अंगठा जाईल एवढे व चांगले गोल घडविलेले. मुले हसू लागली. जवळच जाळे सांधीत एक वृद्ध तांडेल बसले होते. ते उठून आले व म्हणाले, "हसा बाळांनो, पण होडी म्हटली म्हणजे तिच्यात पाणी यायचेच. हे भोक नसते, तर आलेले पाणी मी कोठून काढले असते?" मग त्यांनी खिशातून दोरीला बांधलेले एक बूच काढून दाखविले. पाण्यात लोटण्याआधी ते घट्ट बसवावयाचे आणि वाळूवर ओढली की पहिल्याने तेच काढावयाचे, असा त्यांचा नेम होता.

तांडेलांच्या त्या दोन वाक्यांत एक संपूर्ण पाठ सामावलेला आहे, असे आम्हांस वाटले. तोच पाठ येथे थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

थोडेसे पाणी किती जड?

बाहेर कितीही खोल पाणी असले तरी नौका तरते; कारण ती स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूस सारते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत आपण शिकलाच आहात. परंतु आत आलेले पाणी हे नौकेवर चढलेले ओझे होय. चार मीटर लांब व दीड मीटर रुंद अशी एक होडी घ्या. ती पेटीसारखी चौकोनी असती, तर तिच्यात दहा सेंटिमीटर उंचीचे पाणी ६०० लिटर झाले असते. होडी टोकांशी व तळाशी निमुळती असते, म्हणून आपण निम्मेच धरू. तरीही ३०० लिटर, म्हणजे ३०० किलो वजन झाले. घोटाही न बुडविणारे हे पाणी साठ-साठ किलोच्या पाच माणसांच्या भाराचे असते!

शिवाय माणसे सांगितलेल्या जागी बसून राहतात. पाणी तसे राहत नाही. नौका वाऱ्याने एका अंगास कलली की सगळे पाणी त्याच अंगास धावते आणि तिला अधिक कलविते. याचा प्रयोग घरी करता येईल. घंगाळात पाणी घेऊन त्यात एक चपटी पत्र्याची ताटली तरंगत ठेवा. तिच्या मध्यभागी एक दगड ठेवून कडेला हलकेच बोट लावा. ताटली डोलून पुन्हा सरळ होईल. आता दगड काढून त्याच्याच वजनाचे पाणी तिच्यात ओता आणि पुन्हा बोट लावा. बहुधा ताटली उलटेल. पुढे ओल्या मातीची एक बारीक भिंत घालून ताटलीचे दोन कप्पे करा व पाहा. रुंदीचे दोन सारखे भाग केल्यास हा दोष निम्मा नव्हे, एकचतुर्थांश उरतो. तीन भाग केल्यास एकनवमांश. नौकेच्या पोटात उभे पडदे घालून कप्पे पाडण्याचे एक मोठे कारण हेच होय.

पाणी येते कोठून?

पहिली वाट फळ्यांच्या सांध्यांची. पावसाळ्यात कोकणातील होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. लाकूड वाळले की आक्रसते व सांधे उघडतात. आपल्याकडे उन्हाळ्यात बैलगाडीचे लाकडी चाक सैल होते, तेव्हा शेतकरी ते पाण्यात भिजत घालीत; लाकूड फुगून चाक पुन्हा घट्ट होई. होडीचेही तसेच आहे. कोरडी होडी पाण्यात लोटली की पहिले काही दिवस अधिक पाणी झिरपते व मग फळ्या फुगून सांधे आपोआप आवळले जातात. तेवढ्यावर न विसंबता सांध्यांत तेल-राळेत भिजविलेला कापूस ठासून भरतात. उत्तम सागवान कमी आक्रसते, म्हणूनच मुंबईच्या गोदीत बांधलेल्या सागवानी जहाजांची ख्याती होती. तेथे १८१७ साली बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. प्राचीन पद्धतीत तर फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने शिवीत. गोव्यात तशाच रीतीने बांधलेली 'कौंडिण्य' ही नौका २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली.

दुसरी वाट वरची: पावसाची व लाटांच्या तुषारांची. तिसरी वाट सुकाणूचे खिळे, यंत्राच्या दांड्याचे छिद्र अशा मुद्दाम पाडलेल्या जागांची. तळाशी साचलेले पाणी यांपैकी कोणत्या वाटेने आले, हे ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे बोट बुडवून जिभेला लावणे. खारे असेल तर समुद्र आत येत आहे; गोडे असेल तर पाऊस. मात्र ज्या नौकेत तेलाचे यंत्र आहे तेथे ही परीक्षा करू नये. पावसाचे म्हणून गोड्या पाण्याकडे दुर्लक्ष करणेही बरे नव्हे. कारण लाकूड कुजते ते खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्यानेच अधिक.

छिद्र लहान म्हणून त्यास क्षुल्लक समजू नये. पाण्याच्या पातळीखाली तीस सेंटिमीटरांवर अडीच सेंटिमीटर व्यासाचे छिद्र असेल, तर हिशेबाने मिनिटास सुमारे चाळीस लिटर पाणी आत येते, म्हणजे दहा लिटरांच्या चार बादल्या. छिद्र चौपट खोलीवर असेल तर पाण्याचा वेग दुप्पट होतो. एकटा मनुष्य त्या वेगाने फार वेळ उपसू शकणार नाही. म्हणून भोक सापडताच प्रथम चिंधी, लाकडी खुंटी, जे हाताशी असेल ते त्यात ठोकावे आणि मग उपसावयास बसावे.

तळातील वाट

नौकेच्या तळाशी मधोमध कण्यासारखा एक लांब वासा असतो. कोकणात त्यास पठाण म्हणतात. त्याच्यावर दोन्ही अंगांस फासळ्यांप्रमाणे वाकविलेली लाकडे बसविलेली असतात. या प्रत्येक फासळीच्या तळाशी, कण्याला लागून, एकेक लहान छिद्र ठेवतात. हेतू हा की पुढे, मागे, कोठेही पाणी आले तरी ते फासळ्या-फासळ्यांतून वाहत सर्वांत खोल जागी यावे आणि तेथूनच ते उपसता यावे.

ही छिद्रे गाळाने, लाकडाच्या भुश्याने, चिंध्यांनी बुजतात. मग पंपाची जागा कोरडी दिसते आणि दोन फासळ्या पलीकडे पाणी तुंबून लाकूड कुजत असते. याकरिता जुन्या नाविकांनी एक सुंदर योजना केली होती. सर्व छिद्रांतून एक साखळी किंवा दोर ओवून ठेवावयाचा व अधूनमधून तो मागे-पुढे ओढावयाचा, म्हणजे सर्व छिद्रे एकदम मोकळी होतात. पाण्याची वाट एकदा करून भागत नाही, ती राखावी लागते, हे यावरून ध्यानी येईल.

उपसावे कसे?

लहान होडीत सर्वांत विश्वासू साधन म्हणजे भांडे. प्लॅस्टिकचा एखादा डबा तिरका कापला की उत्तम उपसणे होते. तो मात्र होडीला दोरीने बांधलेला हवा. नाहीतर होडी उलटताच तोच आधी वाहून जातो. भांड्याच्या पुढची पायरी हातपंपाची. यात रबरी पडदा मागे-पुढे होतो आणि दोन झडपा पाण्यास एकाच दिशेने जाऊ देतात. पंपाची बाहेर जाणारी नळी पाण्याच्या पातळीहून पुष्कळ उंच नेऊन मग खाली वळवावी. तसे न केल्यास वक्रनलिकेच्या नियमाने बाहेरचे पाणी त्याच नळीतून आत येऊ लागते, आणि ज्याने पाणी काढावयाचे तोच नौका भरू लागतो!

विजेच्या पंपास तरंगती कळ जोडलेली असते. पाणी चढले की ती उचलली जाऊन पंप आपोआप सुरू होतो. सोय मोठी खरी, परंतु तिच्यात एक धोका आहे. बॅटरी उतरली, जाळीत कचरा अडकला, तारेला गंज चढला, की पंप मुकाट्याने बंद पडतो. आणि पंप नीट चालू असला तरी पाणी का येते आहे, हे तो सांगत नाही. म्हणून जाणता नाविक रोज सकाळी तळाची फळी उचलून स्वतः पाहतो, आणि कालच्यापेक्षा पाणी अधिक असेल तर कारण सापडेपर्यंत स्वस्थ बसत नाही.

शर्यतीच्या होड्यांत आणखी एक चतुर साधन असते. तळातील एक लहान झडप खाली दाबली की नौकेच्या वेगामुळे तिच्यामागे पाण्याचा दाब कमी होतो व आतले पाणी आपोआप बाहेर ओढले जाते. परंतु वेग मंदावताच झडप मिटली पाहिजे. नाहीतर ओघ उलटा फिरतो. लहान मुलांकरिता १९४७ साली अमेरिकेत योजिलेली 'ऑप्टिमिस्ट' ही सव्वादोन मीटरांची होडी मात्र साधे भांडेच बाळगते. तिच्यात हवेच्या तीन पिशव्या बांधलेल्या असतात, म्हणून ती पाण्याने काठोकाठ भरली तरी बुडत नाही व मुलास ती उपसण्यास अवधी मिळतो.

एक सूचना राहिली. यंत्र असलेल्या नौकेच्या तळातील पाण्यात तेल मिसळते. ते तसेच समुद्रात टाकू नये. आंतरराष्ट्रीय नियमाने मोठ्या जहाजांनाही दहा लाख भागांत पंधरा भागांहून अधिक तेल असलेले पाणी सोडण्यास मनाई आहे. लहान नौकेत ते तेल फडक्याने टिपून घ्यावे.

आमच्या शेताचा तळ

सहलीहून परतल्यावर आम्ही वर्गास निबंध लिहावयास सांगितला. भोक पाहून ओरडलेल्या त्या मुलाने शेवटी एक ओळ लिहिली होती: "गुरुजी, आमच्या खालच्या शेताला बूच नाही." ती ओळ वाचून आम्ही एका रविवारी त्याच्या शेतावर गेलो. खालच्या तुकड्यात ऊस पिवळा पडलेला, पायाखाली माती चिकट, आणि बांधाच्या कडेस मिठासारखी पांढरी पुटे.

आपल्या भागात पाणी आले ही केवढी भाग्याची गोष्ट! १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी कोरड्या माळास मळ्यांचे रूप दिले. परंतु काळ्या भारी जमिनीत पाणी सावकाश मुरते. पिकास हवे त्याहून अधिक दिले की ते खाली साचत जाते, आणि जमिनीखालची पातळी दीड-दोन मीटरांच्या आत आली की दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते वर चढते. वर येऊन पाणी उडून जाते, त्यातील क्षार मात्र मागे राहतात. अशी जमीन प्रथम चिबड व मग क्षारपड होते. पाटाच्या पाण्याखालील शेतीचे असे प्रश्न अभ्यासण्यासाठी १९१६ साली मुंबई सरकारने एक विशेष विभाग स्थापिला. त्यातूनच खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था उदयास आली. तेथे आज बंदरांचा व समुद्राच्या लाटांचाही अभ्यास होतो. शेताचे पाणी आणि नौकेचे पाणी एकाच शास्त्राखाली येते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

त्या मुलाच्या वडिलांनी आम्हांस बांधाजवळचा एक सखल पट्टा दाखविला. पूर्वी तेथून एक ओघळ वाहत असे. चार सऱ्या अधिक मिळाव्यात म्हणून त्यांनी व शेजाऱ्यांनी मिळून तो बुजविला होता. "तेव्हा शहाणपण वाटले," ते म्हणाले. फासळीचे छिद्र बुजले होते, दुसरे काय! उन्हाळ्याच्या सुटीत बापलेकांनी शेजाऱ्यांस सोबत घेऊन त्या ओघळाच्या जागी चर खणला आणि पाणी मोजून देण्यास आरंभ केला. मुलाने खालच्या तुकड्यात एक नळी पुरली आहे. दर रविवारी तो तिच्यात काठी सोडून पाणी किती खोल आहे ते मोजतो व वहीत लिहितो. जमीन सुधारण्यास काही वर्षे लागतील, हे आम्ही त्यास स्पष्ट सांगितले आहे. तो म्हणाला, "तांडेलकाका रोज बघतात ना गुरुजी, मग मी आठवड्याला एकदा बघेन."

पालकांस आमची एवढीच विनंती आहे, की ज्यांच्या शेताच्या कडेचा जुना ओघळ बुजला असेल, त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी तो एकदा पाहून घ्यावा, आणि मापाची वही घरातील मुलाच्या हाती द्यावी.