परदेशगमन आणि प्रवाशाची सावधानता : इतिहासातील काही धडे

ह्युएनत्संग हा सम्राट हर्षवर्धनाच्या काळात भारतात आलेला चिनी प्रवासी होता, एवढे एक वाक्य पाठ करून आपले विद्यार्थी गुण मिळवितात. तो आला कसा आणि सुखरूप परत गेला कसा, हे आम्ही शिक्षकही क्वचितच सांगतो. आज आपल्या वसतिगृहात वाढलेली मुले दुबई, दोहा, क्वालालंपूर येथे नोकरीस जात आहेत. काहीजण उच्च शिक्षणासाठी लंडनलाही पोहोचले आहेत. म्हणून हा राहून गेलेला भाग येथे मांडतो.

ह्युएनत्संगाने चीनची सरहद्द ओलांडली ती राजाज्ञेविना. त्यामुळे पहिल्या टप्प्यावर त्याला ना संरक्षण होते ना सोबत. सोबत घेतलेला वाटाड्या एका रात्री शस्त्र उपसून त्याच्याकडे आला आणि पुढे त्याला सोडून गेला. मात्र निघण्यापूर्वी भिक्षूने एक शहाणपणाची गोष्ट केली होती. स्वतःचा तरणा घोडा देऊन त्याने एका वृद्धाचा हडकुळा, तांबूस घोडा घेतला होता, कारण तो घोडा त्या वाळवंटातून पंधरा वेळा जाऊन आला होता. वाटेत पाण्याची पखाल हातून निसटून सांडली. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नव्हता. अखेर त्या अनुभवी घोड्यानेच पाण्याची जागा गाठली.

पुढे तुर्फानच्या राजाने त्याचे मोठे स्वागत केले. पण आदर इतका वाढला की राजा त्याला सोडावयास तयार होईना. ह्युएनत्संगाने अन्नत्याग केला, तेव्हा कोठे राजा नमला. मग मात्र त्याच राजाने वाटेतील चोवीस राज्यांसाठी परिचयपत्रे दिली. आजच्या भाषेत सांगावयाचे तर पहिला टप्पा कागदपत्रांविना झाला आणि पुढचा कागदपत्रांसह. दोहोंतील फरक त्याच्या चरित्रात स्पष्ट दिसतो.

हा प्रसंग शिकविताना मला आपला एक माजी विद्यार्थी आठवतो. काही वर्षांपूर्वी एका दलालाने त्याला आखाती देशात गोदामात नोकरी देतो म्हणून ऐंशी हजार रुपये घेतले आणि पर्यटनाच्या व्हिसावर पाठविले. ‘तिथे गेल्यावर बदलून मिळेल’, असे तोंडी आश्वासन होते. पोहोचताच मालकाने पासपोर्ट काढून घेतला. काम दुसरेच, वेतन निम्मे. आणि व्हिसाची मुदत संपल्यावर तक्रार करावी तर स्वतःच गुन्हेगार ठरण्याची भीती. आईने गळ्यातले गहाण टाकून पैसे उभे केले होते, म्हणून तो चार महिने घरी खरे बोलला नाही. भारतीय दूतावासाशी संपर्क झाल्यावर तो परतला. हे त्याने आधी कळविले असते तर, असे अजूनही वाटते.

पासपोर्ट ही कायद्याने केंद्र सरकारची मालमत्ता आहे. मालकाने तो अडकवून ठेवणे गैर आहे. परदेशी नोकरीस पाठविणारा दलाल सरकारकडे नोंदणीकृत असावा लागतो आणि ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पडताळता येते. त्याच्या सेवाशुल्कालाही मर्यादा आहे : तीस हजार रुपये आणि त्यावरील कर. दहावी उत्तीर्ण नसलेल्यास आखातात नोकरीसाठी जाताना सरकारची उत्प्रवासन परवानगी घ्यावी लागते, आणि त्याच्यासाठी दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे. अनेकांना ही परवानगी कटकट वाटते. मला ती गरीब कामगाराची ढाल वाटते. पर्यटनाच्या व्हिसावर पाठविणारा दलाल नेमकी हीच ढाल काढून घेतो.

सामानाविषयी बाबासाहेबांचा अनुभव सांगण्यासारखा आहे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने ते लंडनहून परत निघाले. महायुद्ध सुरू होते. ग्रंथांसह त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने रवाना झाले होते आणि ते जहाज पाणतीराने बुडविले गेले. बाबासाहेब सुखरूप पोहोचले. कष्टाने जमविलेले ग्रंथ गेले. ह्युएनत्संगाचीही सिंधू नदीत पन्नास हस्तलिखिते बुडाली होती; त्यांच्या प्रती त्याने मागाहून मिळविल्या. आज पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र यांच्या प्रती काढणे मिनिटाचे काम आहे, तरी मुले ती काढत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्या आयांसाठी. डब्यात मसाल्याबरोबर खसखस बांधून देऊ नये. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे ती अफूच्या वर्गात मोडते आणि निषिद्ध आहे. औषधे नेताना डॉक्टरांची चिठ्ठी हवी. येथे सहज मिळणारी काही खोकल्याची व वेदनाशामक औषधे तेथे गुन्हा ठरतात. दुसऱ्याचे बंद पुडके तर कोणाच्याही भिडेखातर घेऊ नये. सिंगापुरात अमली पदार्थांच्या वाहतुकीला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे.

इत्सिंग ६७१ साली भारताकडे निघाला तेव्हा वाटेत श्रीविजय राज्यात सहा महिने थांबून संस्कृत व्याकरण शिकला. आपल्या मुलांनी निदान करारपत्रावरील वेतन, कामाचे तास आणि परतीचे भाडे ही तीन कलमे स्वतः वाचता येण्याइतकी इंग्रजी गाठीशी बांधावी.

शाळेच्या कार्यालयात मी एक वही ठेवली आहे. परदेशी जाणाऱ्या माजी विद्यार्थ्याने आपल्या पासपोर्टची प्रत, मालकाचा पत्ता आणि तेथील भारतीय दूतावासाचा दूरध्वनी क्रमांक तीत नोंदवून जावे. सुट्टीतही ती वही शिपाईमामांकडे मिळते.