पूरसूचक यंत्राची पाटी घरीच बनवूया : टोनर ट्रान्सफर पद्धत

इयत्ता : ७ वी व ८ वी
विषय : विज्ञान, गणित व कार्यानुभव
वेळ : दोन जोडतासिका + एक तास चर्चा



महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा कराडला कोयनेला भेटते आणि पुढे सांगलीला येते. त्यामुळे साताऱ्याच्या डोंगरात पाऊस किती झाला आणि कोयना धरणातून पाणी किती सोडलं, याकडे सांगलीकरांचं लक्ष असतं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आपल्याकडच्या मुलांनाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हाच ओळखीचा विषय घेऊन मुलांकडून एक छोटं पूरसूचक यंत्र करून घेऊ आणि त्याची सर्किटची पाटी, म्हणजे पीसीबी, विकत न आणता आपणच बनवू.

पूर्वी रेडिओत प्रत्येक भाग सुट्या वायरींनी जोडत. पॉल आयझलर या अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये वायरींऐवजी छापलेल्या तांब्याच्या रेषा वापरून रेडिओ तयार केला. आज मोबाईलपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळीकडे अशीच पाटी असते.

साहित्य
एका बाजूला तांबे असलेली कॉपर क्लॅड पाटी, गुळगुळीत चकचकीत कागद, इस्त्री, पॉलिश पेपर, फेरिक क्लोराईड, प्लॅस्टिकचा ट्रे, परमनंट मार्कर, थिनर, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर ३, एलईडी ३ (हिरवा, पिवळा, लाल), १ किलोओहम व ४७० ओहमचे रोध प्रत्येकी ३, ९ व्होल्टची बॅटरी, वायर.

कृती
१. सर्किट आधी ब्रेडबोर्डवर जोडून बघा. चाललं तरच पुढे जा.
२. तांब्याच्या बाजूने दिसेल तसा आराखडा काढा. रेषा किमान १ मिमी जाड ठेवा. कोपऱ्यात ‘स’ अक्षर लिहा.
३. आराखडा आरशातल्यासारखा उलटा करून चकचकीत कागदावर लेझर प्रिंट काढा. झेरॉक्सच्या दुकानातही काम होतं. इंकजेटची शाई चालत नाही. छापलेला ‘स’ उलटा दिसला म्हणजे बरोबर.
४. तांबे पॉलिश पेपरने चकचकीत घासा, धुऊन कोरडं करा. नंतर बोट लावू नका, तेलकटपणामुळे टोनर चिकटत नाही.
५. छपाईची बाजू तांब्यावर ठेवून सुती कपड्यांच्या तापमानाला, वाफ बंद करून, ३ ते ५ मिनिटं इस्त्री दाबा. कडांकडे विशेष लक्ष द्या.
६. गार झाल्यावर पाटी १० मिनिटं पाण्यात भिजवा, कागद अंगठ्याने हळूहळू चोळून काढा. आता ‘स’ सुलटा दिसेल. तुटलेल्या रेषा मार्करने जोडा.
७. पाटी फेरिक क्लोराईडच्या द्रावणात ठेवून ट्रे हलका हलवत राहा. उघडं तांबं साधारण अर्ध्या तासात निघून जातं.
८. पाटी धुवा, थिनरने टोनर पुसा, १ मिमीची छिद्रं पाडा आणि भाग सोल्डर करा.

हे का घडतं?
टोनर म्हणजे बारीक प्लॅस्टिकची पूड. उष्णतेने ती वितळून तांब्याला चिकटते. मुलं मेणखडूने चित्र काढून वरून जलरंग फिरवतात, तेव्हा मेणावर रंग चढत नाही. इथेही तसंच. टोनरखालचं तांबं झाकलेलं राहतं, उघड्या तांब्याशी मात्र अभिक्रिया होते :

२FeCl₃ + Cu → २FeCl₂ + CuCl₂

आणि उलटी छपाई? भेंडीचे ठसे व रबरी शिक्का दाखवा, मुलं स्वतःच सांगतील.

गणिताची जोड
प्रतिकृतीत १ सेंमी = २ फूट धरा. ३० फुटांसाठी १५, ४० साठी २०, ४५ साठी २२.५ सेंमीवर वायरींची सोललेली टोकं लावा. बॅटरीच्या धन टोकाची वायर तळाशी ठेवा. पाणी टोकाला टेकलं की १ किलोओहमच्या रोधातून थोडा प्रवाह ट्रान्झिस्टरच्या बेसला मिळतो आणि त्या पातळीचा दिवा लागतो. ५७ फुटांची खूण कुठे येईल, हे मुलांना काढू द्या.

काळजी
इस्त्री, द्रावण आणि ड्रिल ही कामं मोठ्यांनीच करायची. आराखडा, घासणं, कागद काढणं आणि चाचणी मुलांची. हातमोजे व गॉगल हवेच. पूड पाण्यात हळूहळू टाकावी, पुडीवर पाणी ओतू नये, कारण द्रावण तापतं. स्टील किंवा ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नका, ते खाल्लं जातं. सोल्डरिंगनंतर हात साबणाने धुवा.

सर्वांत महत्त्वाचं, वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. त्यात विरघळलेलं तांबं माशांना घातक असतं, आणि गावातली गटारं शेवटी नदीलाच मिळतात. द्रावण आणि पहिलं धुणवणी प्लॅस्टिकच्या बाटलीत, नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. तेच द्रावण पुन्हा पुन्हा वापरता येतं. निकामी झालं की जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत विचारून विल्हेवाट लावा. नदीच्या पुराचं यंत्र करताना नदीच खराब केली, तर पाठ अर्धाच झाला.

चर्चेसाठी प्रश्न
१. पाण्याऐवजी खाद्यतेल घेतलं तर दिवा लागेल का? का?
२. छपाई सुलटीच काढली तर पाटीवर काय होईल?
३. पिवळा दिवा लागल्यावर आपल्या घरात सर्वांत आधी काय उचलाल?

तिसऱ्या प्रश्नाला पुरेसा वेळ द्या. आपलं यंत्र ही प्रतिकृती आहे, खऱ्या पुरात प्रशासनाची सूचनाच पाळायची, हेही सांगा. पण कागदपत्रं, आजीची औषधं, गोठ्यातली जनावरं अशी यादी मुलं घरी जाऊन पालकांसोबत करतील, तेव्हा हा पाठ खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.