पंचशील : वंदनेतील आणि करारातील

कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांतून आमच्या वसतिगृहात आलेली मुले रोज पंचशील ग्रहण करतात. इतिहासाच्या तासाला तोच शब्द भारत-चीन संबंधांत भेटला की ती बुचकळ्यात पडतात.

२९ एप्रिल १९५४ रोजी बीजिंग येथे उभय देशांत तिबेटशी चालणाऱ्या व्यापाराविषयी करार झाला. परस्परांच्या सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात अहस्तक्षेप, समानता व परस्परहित आणि शांततामय सहजीवन या त्याच्या प्रस्तावनेतील पाच तत्त्वांस ‘पंचशील’ हे नाव मिळाले. त्याच करारात तिबेटचा उल्लेख ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असा आहे. करार दोघांचा, भूमी तिसऱ्याची. आणि तो तिसरा बौद्ध!

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेबांनी नेमके यावरच बोट ठेवले. पंचशील हा बौद्ध धम्माचा महत्त्वाचा भाग आहे. माओंची त्यावर श्रद्धा असती तर स्वतःच्या देशातील बौद्धांशी ते निराळे वागले असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

शील माणूस स्वतःहून स्वीकारतो. त्याला मुदत नसते. हा करार आठ वर्षांचा होता. जून १९६२ मध्ये तो संपला आणि २० ऑक्टोबरला चिनी सैन्याने आक्रमण केले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा सहा वर्षेही झाली नव्हती.