खिशातील चाकूची निवड

बेंगळूरु शहराच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरांवर देवनहळ्ळी हे गाव आहे. इतिहासाचे अभ्यासक त्याला टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून ओळखतात. फळांच्या जाणकारांना ते पपनसांचे गाव म्हणून ठाऊक आहे. कन्नड लोक या फळाला चक्कोता म्हणतात, आणि देवनहळ्ळीच्या चक्कोत्याला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. २००८ साली याच परिसरात बेंगळूरुचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. घडीच्या चाकूचा विचार करण्यास हे गाव फार सोयीचे आहे. कारण चाकूचे गुण कोणते हे येथील पपनस सांगते, आणि त्याच्या मर्यादा कोणत्या हे तेथील विमानतळ सांगतो.

घडीचा चाकू ही काही आधुनिक काळाची देणगी नव्हे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथील उत्खननात दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा असा चाकू सापडला आहे. रोमन लोकही घडीचे चाकू वापरीत. या सर्वांमागील कल्पना एकच : धार मुठीत लपवावी, म्हणजे ती जवळ बाळगता येते. परंतु जे पाते मिटते ते नको त्या वेळीही मिटू शकते. घडीच्या चाकूची सोय आणि त्याचा धोका ही दोन्ही अशी एकाच सांध्यात आहेत. निवड करताना ही गोष्ट क्षणभरही विसरता कामा नये.

प्रथम काम, मग चाकू

खरेदीस निघण्यापूर्वी आपण आपल्या मनाला विचारावे : गेल्या आठवड्यात मला चाकूची गरज केव्हा भासली? बहुतेकांचे उत्तर साधे असते. पुडक्याची सुतळी कापली, पेन्सिलीला टोक केले, फळ चिरले, पोत्याची शिवण उसवली. या कामांना ७ ते ८ सेंटीमीटरांचे पाते पुरते. पपनसाचेच उदाहरण घेऊ. फळ मोठे असते, म्हणून पातेही लांब हवे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात कुशल माणूस फळाच्या देठाकडची चकती उडवितो, सालीवर उभ्या चिरा पाडतो आणि उरलेले काम बोटांनी करतो. चिरा सालीपुरत्याच खोल हव्यात. पाते आत गेले की फोडी फुटून रस वाया जातो. येथे लांबीपेक्षा नियंत्रण महत्त्वाचे ठरते.

पोलादाचा प्रश्न

पाते दोन प्रकारच्या पोलादाचे मिळते. साध्या कार्बन पोलादाला धार चटकन लागते. पण ओलाव्याने ते गंजते आणि आंबट फळाच्या रसाने काळवंडते. गंजरोधक पोलादात क्रोमियम असते. शेफिल्डच्या हॅरी ब्रीअर्ली यांनी १९१३ साली सुमारे १३ टक्के क्रोमियमचे असे पोलाद तयार केले, आणि पुढे सुऱ्यांसाठी ते सर्वत्र रूढ झाले. गंजरोधक म्हणजे कधीच न गंजणारे, असा मात्र अर्थ नाही. ओले पाते तसेच मिटून ठेवले तर त्यावरही डाग पडतात. जो मनुष्य चाकू वापरल्याबरोबर पुसतो त्याने कार्बन पोलाद खुशाल घ्यावे. ज्याला ती सवय नाही त्याने, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, गंजरोधक पातेच निवडावे.

पाते अतिशय कठीण असावे, हाही एक गैरसमज आहे. कठीण पात्याची धार टिकते, परंतु ते ठिसूळ असते आणि घरच्या दगडावर दाद देत नाही. नित्याच्या कामास मध्यम कठीण पोलाद उत्तम. कारण त्याची धार आपल्या हाताने परत आणता येते.

सांधा आणि अडसर

जुन्या पद्धतीच्या चाकूत मुठीच्या पाठीत एक पोलादी कमान असते. ती पात्याला उघडे धरते, पण अडवून ठेवीत नाही. पाठीकडून दाब पडला की पाते मिटते. दुसऱ्या प्रकारात अडसर असतो. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या ओपिनेल चाकूला १९५५ साली फिरते कडे जोडण्यात आले. ते फिरविले की पाते उघडे राहते. इतर चाकूंत मुठीच्या आतील पत्रा किंवा पाठीचा खटका हेच काम करतो. ज्याला टोकाने भोके पाडायची किंवा जोर लावायचा आहे त्याने अडसराचाच चाकू घ्यावा. तरीही अडसरावर विसंबून बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नयेत. अडसर हे सावधगिरीला साहाय्य आहे, तिचा पर्याय नव्हे.

दुकानात तीन परीक्षा कराव्यात. चाकू उघडून पाते हलकेच डावी-उजवीकडे हलवावे. ते डुगडुगू नये. मिटवून, टोकाकडची बाजू खाली धरून, झटकावा. पाते आपोआप बाहेर येऊ नये. शेवटी मूठ घट्ट धरावी. कोठेही टोचू नये, आणि ओल्या हातातही निसटणार नाही इतकी ती भरीव असावी.

कायदा आणि स्थळकाळ

शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे. त्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडविलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. आपला ८ सेंटीमीटरांचा चाकू या मापाच्या पुष्कळ आत राहतो. पण तेवढ्याने निश्चिंत होऊ नये. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाने उघडणाऱ्या चाकूंवर, पाते ठरावीक मापाचे असल्यास, निर्बंध घातले. आणि महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमान्वये चाकू बाळगण्यास तात्पुरती मनाई करता येते. म्हणून झटक्याने उघडणारा चाकू घेऊच नये. नखाने खाचेत धरून उघडावा लागणारा चाकू कामास तितकाच उपयोगी पडतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात भय उत्पन्न करीत नाही.

विमानात हातसामानात चाकू नेता येत नाही. तो विमान कंपनीकडे सोपवावयाच्या सामानात ठेवावा लागतो. सदैव खिशात असणारी वस्तू आहे हेच मनुष्य विसरतो, आणि वडिलांच्या हातचा चाकू तपासणीच्या मेजावर सोडून जाण्याची पाळी येते. प्रवासाच्या आदल्या रात्री खिसे रिकामे करण्याची सवय लावून घ्यावी.

निगा

वापरानंतर पाते धुऊन कोरडे करावे. सांध्यात शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खाण्याचे तेल कालांतराने चिकटते. धार लावताना पाते दगडावर प्रत्येक बाजूस सुमारे २० अंशांत धरावे आणि दोन्ही बाजू सारख्याच घासाव्यात. बोथट पाते जोर मागते आणि जोर लावला की हात घसरतो. म्हणून धारदार चाकूपेक्षा बोथट चाकूच अधिक जखमा करतो.

चांगला चाकू महाग असलाच पाहिजे असे नाही. तो आपल्या कामाच्या मापाचा असावा, त्याला धार लावणे आपल्या हाताला साधावे, आणि तो कोठे न्यायचा नाही हे आपल्या ध्यानी असावे. पपनसाची साल सहज चिरणारा आणि विमानतळाच्या वाटेवर आठवणीने घरी राहणारा चाकू, तोच योग्य निवडलेला चाकू होय.