चाक हाती घेण्याआधी

हिंगोली

चि. भाचीस,


दिल्लीतल्या व्यापाऱ्याकडची २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस तुझ्या मनात भरली आहे आणि ती चालवून बघताना काय काय तपासायचं एवढंच तू विचारलं आहेस. प्रश्न चुकीचा नाही, पण तो सगळ्यात शेवटचा आहे. अशी गाडी चालवणं ही पाहणीची शेवटची पायरी ठेव, आणि आधीच्या पायऱ्यांपैकी एकीवर जरी शंका आली तरी त्या पायरीपर्यंत जाऊच नकोस. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २३० अश्वशक्ती आणि पापणी लवायच्या आत बदलणारे गिअर. बनवणाऱ्यांनी ही गाडी माणसाला भुलवण्यासाठीच बनवली आहे. एकदा ती तुझ्या पायाखाली झेपावली की त्यापुढे दिसणारा प्रत्येक दोष तुला किरकोळ वाटेल, आणि व्यापाऱ्याला हे तुझ्याआधी ठाऊक असतं. म्हणून तर तो आरसी दाखवण्याआधी चावी हातात देतो. तू म्हणशील, गाडी चालवल्याशिवाय कळणार कशी? काही गोष्टी चालवूनच कळतात हे खरं. पण ज्या दोषांनी माणूस कर्जात जातो किंवा कोर्टात उभा राहतो, ते बहुतेक सगळे गाडी उभी असतानाच सापडतात.

पहिली पायरी कागदांची. आपल्या जिल्ह्यात जमीन घेताना पिकाची हिरवळ बघून कुणी इसार देत नाही. आधी सातबारा, मग फेरफार, मग बोजा. गाडीच्या बाबतीत मात्र तीच माणसं रंगावर भाळतात. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी, अक्षर-अक्षर जुळवून बघ. व्यापाऱ्याने पाठवलेला फोटो पुरत नाही. आकड्यांच्या आजूबाजूचा पत्रा घासलेला, वेल्डिंग केलेला किंवा नव्याने रंगवलेला दिसला तर तिथूनच परत फिर. हा वहम नाही. पुण्याची डीसी अवंती ही भारतीय बनावटीची पहिली स्पोर्ट्स कार म्हणून मिरवली गेली. २०२० च्या डिसेंबरात मुंबई पोलिसांनी तिच्यासंबंधी गुन्हा दाखल केला, तो एकाच चासी आणि इंजिन नंबरवर दोन राज्यांत नोंदणी झाल्याच्या आरोपावरून. एकाच गाडीवर एकाहून जास्त कर्जं उचलल्याचाही आरोप त्यात होता. खटल्याचं काय व्हायचं ते होवो, आपल्यापुरता अर्थ इतकाच की महागड्या, दुर्मीळ गाडीतसुद्धा पत्रा आणि कागद एकमेकांचे असतीलच असं धरून चालता येत नाही. वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालक कितवा, फायनान्सचा बोजा उतरला का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, चलनं किती थकली आहेत, हे सगळं घरबसल्या बघ. बोजा दिसत असेल तर ‘कर्ज फिटलंय’ या तोंडी शब्दाला किंमत नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ पाहिजे.

मालकी बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असली पाहिजे, ती नसेल तर का नाही ते विचार. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईच्या वेळी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक. मधल्या मधे मालकी बदलाचे सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० तीन-चार हातांतून फिरत असतील, तर पाच वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेला माणूस अजूनही कायद्याने मालक आहे आणि तुला गाडी विकणारा कुणीच नाही. विम्याचंही तसंच. समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुझ्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलून घ्यावं लागतं. पॉलिसीवरची नो क्लेम बोनसची सूटही जुन्या मालकाचीच राहते. ती सूट आपल्याला मिळणार असं गृहीत धरून तू हिशेब मांडला असशील तर तो आत्ताच पुसून टाक.

आता भावाचं बोलू. दिल्लीत गाडी एवढी स्वस्त का, याचं ठरीव उत्तर तुला मिळेल: तिथे जुन्या गाड्यांवर बंदी आहे, विकाव्याच लागतात. हे उत्तर तुझ्या गाडीला लागू पडत नाही. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केलेलं शिक्कामोर्तब यातली मर्यादा डिझेलला १० वर्षं आणि पेट्रोलला १५ वर्षं अशी होती; पुढे त्यातही फेरबदल झाले. तुझी गाडी पेट्रोलची आहे आणि २०१८ ची आहे. मग बंदीच्या धाकाने ती स्वस्त होण्याचं कारण काय? कारण दुसरं काहीतरी आहे, आणि ते शोधणं हेच तुझं काम. शिवाय ती स्वस्ताई हिंगोलीपर्यंत टिकत नाही. तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथे एमएच ३८ चा नवा नंबर, आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला या कराचा दर १३ टक्के राहिला आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी आकारणीला धरतात ती मूळ किंमत, तू मोजलेली नव्हे. दिल्लीत भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज दिल्लीतच करायचा, आणि त्यासाठी कोण खेटे घालणार ते आधी ठरव. दिल्लीचीच पाटी ठेवून कायमचं फिरता येईल अशीही कुणी समजूत घालेल; परराज्यात १२ महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर नवी नोंदणी कायद्याने करावीच लागते. ही सगळी रक्कम, ट्रकचं भाडं आणि पहिल्या मोठ्या सर्व्हिसचा खर्च भावात मिळवून मग पुण्या-मुंबईच्या गाड्यांशी तुलना कर. बऱ्याचदा दिल्लीची गाडी महाग निघते.

कागद पटले तर गाडीकडे जायचं, आणि जायचं ते सकाळी, इंजिन थंड असताना. भेटीची वेळ ठरवतानाच बजाव की मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. बॉनेटला हात लावून बघ. कोमट लागलं तर ती तुझ्यासाठी आधीच तापवून ठेवली आहे, आणि का, हे विचारण्याचा तुला हक्क आहे. गरम इंजिन बरंच काही लपवतं. टायमिंग चेनची सुरुवातीची खडखड, टर्बोच्या सीलमधून झिरपलेल्या ऑइलचा निळा धूर, रात्रभरात सिलिंडरमध्ये उतरलेल्या कूलंटचा पांढरा, गोडसर वासाचा धूर, हे पहिल्या काही क्षणांतच दिसतं-ऐकू येतं. थंड असतानाच कूलंटच्या टाकीचं झाकण उघडता येतं. आत ऑइलचा तवंग किंवा गंजाचा रंग असेल तर पुढचं बघायचं कारण नाही. या गाडीच्या घराण्यातल्या टर्बो पेट्रोल इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगमधून कूलंट गळणं हा जगभर परिचित दोष आहे. तिथे वाळलेल्या कूलंटचा डाग शोध. दोष दुरुस्त झाला असेल तर उत्तमच, पण मग बिल दाखवायला सांग. डीएसजी गिअरबॉक्सचंही तेच. या गाडीतल्या सहा गिअरच्या डीएसजीचे क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात आणि ते ऑइल व फिल्टर ठरावीक अंतराने, साधारण ६० हजार किलोमीटरला, बदलावे लागतात. मीटर ७० हजार दाखवतंय आणि ते बिल नाही, तर तो खर्च आणि त्यातली जोखीम तू विकत घेते आहेस. सात गिअरचा, कोरड्या क्लचचा धाकटा भाऊ तर अधिकच नाजूक. २०१३ मध्ये चीनमध्ये त्याच्यापायी लाखो गाड्या परत मागवाव्या लागल्या. उद्या कुणी तुला तोच गिअरबॉक्स असलेली पोलो जीटी सुचवली तर हे आठवणीत असू दे.

मीटरवर विश्वास ठेवू नकोस, ते मागे फिरवणं फार सोपं झालं आहे. चासी नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिसची नोंद मागव. प्रत्येक भेटीचे किलोमीटर तिथे असतात आणि अपघाताची मोठी कामंही. स्कॅनर लावणारा मिस्त्री सोबत ने. त्याने दोषाचे कोड नाहीत असं सांगितलं तरी समाधान मानू नकोस. गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झालेल्या आहेत की अपूर्ण, ते विचार. सगळ्या अपूर्ण असतील तर कोड कालच पुसले आहेत. इंजिन ‘ट्यून’ केलंय का हेही थेट विचार. वेगवान गाड्यांच्या बाजारात हा प्रकार सर्रास चालतो, विकण्याआधी मूळ प्रोग्रॅम परत टाकतात, पण ताण सोसलेले क्लच आणि टर्बो काही मूळ होत नाहीत. एअर फिल्टरचा कारखान्याचा डबा काढून उघडा, शंकूसारखा फिल्टर लावला असेल किंवा सायलेन्सर बदलला असेल, तर ती खूणच समज. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. असे बदल विमा कंपनीला न कळवता ठेवले तर दावा फेटाळायला तिला आयतं कारण मिळतं.

मग रॅम्पवर घेऊन खालून बघ, आणि त्यानंतर बाहेरून-आतून. कारखान्याच्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते, मापक जवळ असेल तर एका दारावर एकदम दुप्पट-तिप्पट आकडा म्हणजे खाली लांबी भरलेली आहे. काचांवरची सालं जुळतात का, मडगार्डच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का हे बघ. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. मुळाशी गाळाची रेघ असेल तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात, त्याआधी चेन्नईत, असंख्य गाड्या बुडाल्या. त्यातल्या किती पुसून-धुऊन पुन्हा बाजारात आल्या असतील कुणास ठाऊक. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझला पाहिजे; मुळीच न लागणारा दिवा जास्त वाईट.

इथपर्यंतचं दिल्लीतही लागू आणि दादरलाही. हिंगोलीसाठी वेगळं असं काही आहे, आणि ते कुणी सांगणार नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो. त्यात गावोगावचे मनाला येतील तेवढे उंच गतिरोधक. खाली बसलेल्या गाडीचं ऑइल पॅन आणि बंपरची खालची कड इथे आधी जातात. म्हणून ऑइल पॅनवर आधीच ओरखडे असतील तर ते मोज, आणि कुणी लहान स्प्रिंग टाकून गाडी आणखी खाली आणली असेल तर सोडून दे. हळद शिजवून पॉलिश होते त्या दिवसांत वसमतकडच्या रस्त्यांवर हवेत किती धूळ असते ते तुला सांगायला नको. टर्बोला ती बाधते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. पाच-सहा वर्षांचा टायर, कितीही नक्षी शिल्लक असली तरी, मे महिन्याच्या उन्हात समृद्धी महामार्गावर १२० ने पळवायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: वर्कशॉप कुठे आहे? ही गाडी शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यातून बाहेर पडली असली तरी शेंद्रा आपल्यापासून दोनशेहून जास्त किलोमीटर. नांदेडच्या मिस्त्रीने डीएसजी कधी उघडला आहे का, हे गाडी घेण्याआधी फोन करून विचार. सुट्या भागांचंही तसंच. रांजणगावला बनलेल्या फियाटच्या पुंटोची अबार्थ आवृत्ती १४५ अश्वशक्तीची, चालवायला जिवंत. पण पुंटोचं उत्पादनच थांबलं आणि आता तिच्या मालकांना भागांसाठी वणवण करावी लागते. 

तुझा आक्षेप मला दिसतो: एवढं तपासत बसलं तर गाडी दुसरा घेऊन जाईल. जाऊ दे. जी गाडी दोन दिवसांची तपासणी सोसत नाही, ती दुसऱ्याने नेली हे तुझंच भाग्य. दुसरा आक्षेप, व्यापाऱ्याचं दोनशे कलमी सर्टिफिकेट. ते जरूर वाच, पण वॉरंटीत टर्बो आणि गिअरबॉक्स वगळलेत का तेवढं आधी बघ, आणि तक्रार आली तर गाडी दिल्लीला कुणी न्यायची तेही. तिसरा आक्षेप घरातून येईल, की त्याच पैशात नवी साधी गाडी का नको. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि तुझ्याकडेही असायची गरज नाही. चांगल्या यंत्राची हौस ही काही लाज वाटायची गोष्ट नव्हे. मात्र ती हौस परवडण्यासाठी किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेव. तेवढी उरत नसेल तर आत्ता गाडी परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चालवायची वेळ आली तर गाणी बंद, काचा वर. सरळ रस्त्यावर क्षणभर चाक सैल धर, गाडी एका अंगाला ओढते का बघ. ब्रेकला चाकात थरथर येते का, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना धक्का बसतो का, चढावर थांबून निघताना क्लच कुरकुरतो का, एवढं पुरे. वेग लावून बघायचा मोह आवर. त्यातून इंजिनाबद्दल काही नवं कळत नाही.

इसार देण्याआधी आरसीच्या दोन्ही बाजू, चालू विमा आणि सर्व्हिसची नोंद मला व्हॉट्सॲपवर टाक. आणि तिथल्या आरटीओची एनओसी किती दिवसांत हातात देतो ते व्यापाऱ्याकडून लेखी घे. मुदत टळली तर इसार परत, हेही त्याच कागदावर.

तुझा,
मामा